उभा होतो तोवर कडू होतो

मित्रांनो, मी एक जुना रॅगवर्ट आहे. आयर्लंडमधल्या टिपररीत डीलियाबाईंचं कुरण आहे, त्याच्या दगडी बांधाला लागून मी राहतो. फुलं पिवळीधमक, पण मला कुणी फुलदाणीत ठेवत नाही. इकडे मला तण म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात.

आमचं आयुष्य खरं तर दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी पानं पसरायची, दुसऱ्या वर्षी फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं. पण जून महिन्यात लाल-काळ्या पंखांचे पतंग भरदिवसा येतात, माझ्या पानांखाली अंडी घालतात, आणि त्यांचे सुरवंट माझी पानं, कळ्या, फुलं सगळं फस्त करतात. बी धरायची वेळच येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी मी पुन्हा फुटतो. ते मला खातात म्हणूनच मी एवढा म्हातारा झालो. त्यांच्यावर रागवू तरी कसा? त्यांना माझ्याशिवाय दुसरं पान चालत नाही.

डीलियाबाईंची घोडी होती, रुआ. तांबूस, पोटाने सुटलेली, स्वभावाने गरीब. माझ्या अंगात विष आहे, लपवत नाही. पण मी कडू इतका की रुआ नुसता वास घ्यायची आणि फुरफुरून पुढे जायची. तरी बाईंनी जोखीम घेतली नाही. कुरणातले माझे सगळे भाऊबंद त्यांनी मुळासकट उपटले, पोत्यात भरून नेले आणि जाळले. बांधाजवळची एक पट्टी मात्र तार ओढून आमच्यासाठी सोडली. "त्या किड्यांनी जावं कुठं?" म्हणायच्या.

शेजारचा मालाकी मूळचा किल्केनीचा. तिथल्या हर्लिंग या खेळाच्या संघाच्या अंगावर काळे-पिवळे पट्टे, आणि माझ्या सुरवंटांच्या अंगावरही तेच. मग काय, बाईंना आयतं कोलीत!

"मालाकी, तुझी माणसं जेवायला बसलीत बघ. काय हावरट जात रे तुमची!"

"खाऊ दे की गं. कप दरवर्षी आम्ही नेतो, तुमच्याकडे पालाच उरतो!"

अशी ती दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभी राहून हसायची. माझी स्तुती कुणी केली नाही, पण त्या हसण्यात माझाही वाटा होता असं मला वाटायचं.

एका जुलैत बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे इस्पितळात. रुआला बघायचं काम मालाकीकडे. भला माणूस! बाई घरी येतील तेव्हा कुरण कसं लख्ख दिसावं, म्हणून त्याने तार काढली आणि विळ्याने सगळी पट्टी कापून टाकली. मलाही कापलं, मुळं तेवढी जमिनीत राहिली. आणि कापलेलं सगळं तिथेच उन्हात सोडून दिलं. इतकी वर्षं त्याने पाहिलं होतं, रुआ या तणाला तोंड लावत नाही. मग उचलायचं कशाला?

मित्रांनो, इथेच घात झाला. मी वाळलो की माझा कडूपणा जातो, विष जात नाही. रुआ रोज त्या पट्टीत यायची आणि गवतासोबत मला चवीने खायची. ओरडायला मला तोंड नाही. सुरवंट उपाशी, उघड्या मातीवर भटकत होते. एकेक करून तिथेच वाळले.

बाई परतल्या तेव्हा सगळं छान दिसत होतं. हिवाळ्यात रुआ रोडावली. मग गोल गोल फिरायला लागली, आणि एका सकाळी दगडी भिंतीला कपाळ टेकून तशीच उभी राहिली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "यकृत गेलं हिचं, बाई. उगाच हाल नकोत." बाईंनी तिची मान धरली. डॉक्टरांनी सुई दिली.

मालाकी टोपी हातात घेऊन उभा होता. "डीलिया, आईशपथ, तिने कधी तोंडसुद्धा लावलं नव्हतं गं."

"उभ्याला नव्हतं लावलं," बाई म्हणाल्या. "मीच तुला सांगायला हवं होतं. चल, चहा घे."

तो चहा न घेताच गेला.

यंदा एकही पतंग आला नाही. मला कुणी खाल्लं नाही, म्हणून मी कधी नव्हे तो भरभरून फुललोय. बी धरतंय. म्हणजे हा माझा शेवटचा उन्हाळा. रिकाम्या कुरणात एवढं पिवळं होऊन उभं राहायची मला लाज वाटते.

मित्रांनो, मला उपटू नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्या दारी जनावर आहे त्याने उपटावंच. पण जिथे कुणाचं काही बिघडत नाही, तिथे एखादी पट्टी आमच्या किड्यांसाठी राहू द्या. आणि कापलंत, तर कापलेलं तिथे टाकून जाऊ नका. मालाकीला वाकून उचलायला फार तर अर्धा तास लागला असता.