दोष फडक्याचा नव्हता

वस्तू बिघडली की आधी कोणाला तरी धरायचं, ही सवय तुमच्या-आमच्या घरात चांगलीच मुरलेली आहे. ग्लास फुटला, कोणी फोडला? नळ गळतोय, कोणी पिळला? वजनकाटे तपासणाऱ्या साहेबांच्या घरी त्या रविवारी हेच झालं, आणि तेही फुटबॉलच्या फायनलच्या दिवशी!

सामना चारला होता. इमारतीतले सगळे साहेबांकडेच जमणार होते, कारण एवढा मोठा टीव्ही दुसऱ्या कोणाकडे नव्हता. सकाळीच खुर्च्या मांडून झाल्या. अकराला साहेबांनी रिमोट दाबला. आवाज खणखणीत आला, पडदा मात्र काळाकुट्ट!

"आज टीव्ही कोणी पुसला?" साहेब कडाडले.

"मी पुसला," घरकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "रोजच पुसते, कोरड्या फडक्यानं."

"मग हातात हे ओलं काय आहे?"

"हे फरशीचं आहे, साहेब. टीव्हीचं वेगळं असतं."

पण ऐकतो कोण! साहेबांनी मावशींना उभ्या उभ्या कामावरून काढलं. तेवढ्यानं राग शमेना, म्हणून इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, "मावशींनी ओल्या फडक्यानं आमचा टीव्ही घालवला. सर्वांनी सावध राहावे." अर्ध्या तासात मावशींची उरलेली तिन्ही घरंही सुटली. याच चार घरांवर त्यांची चूल पेटत होती.

अडीचला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी खिडकीचे पडदे ओढून घेतले आणि काचेजवळ टॉर्च धरला.

"आता वाकून बघा."

साहेब वाकले. काळ्या पडद्यावर पुसटशी माणसं धावत होती!

"अरे! चित्र आहे की!"

"चित्र आहेच. त्याच्या मागचे दिवे गेलेत." टॉर्चच्या उजेडातच ताईंनी सेटिंग शोधलं. "उजेड शंभरावर कोणी ठेवलाय?"

"दुकानातून आला तेव्हापासून तसाच आहे," साहेबांची बायको म्हणाली. "मी कमी केला की हे म्हणतात, पूर्ण उजेड आपल्या हक्काचा आहे!"

"आणि हे लाकडी खोकं? मागून हवेला वाटच नाही."

"वायरी दिसतात म्हणून यांनीच सुताराकडून बंद करून घेतलं. स्टॅबिलायझर शोभत नाही म्हणून माळ्यावर टाकला. वर सकाळी सहापासून टीव्ही चालू, बघायला कोणी असो नसो!"

साहेब खोकले. पण बायकोला आज संधी मिळाली होती, ती कशाला सोडते!

ताईंनी टीव्ही उघडला. मागे दिव्यांच्या बारीक पट्ट्या होत्या, आणि एका पट्टीवर करपलेला तपकिरी डाग होता. "एक दिवा जळाला की सगळी माळ बंद पडते. पण हे आज सकाळचं नाही, साहेब. महिनोन् महिने भाजत आलंय. पाणी गेलं असतं तर खालच्या कडेला खुणा दिसल्या असत्या. इथे सगळं कोरडं ठणठणीत आहे."

"म्हणजे फडक्यानं नाही?"

"नाही! गरमीनं, जास्त उजेडानं आणि कमीजास्त विजेनं. तुम्हाला एक सांगू? मी टीव्ही उघडायच्या आत बहुतेक घरांत शिक्षा देऊन झालेली असते. कुठे सुनेला, कुठे नातवाला, कुठे कामाच्या बाईंना. ज्याला उलट बोलता येत नाही तोच सापडतो. तुमचे वरिष्ठ हात लावून गेले असते, तर त्यांना असं दरडावलं असतं का?"

बायको हळूच म्हणाली, "स्वतः तपासल्याशिवाय एकाही काट्यावर शिक्का मारला नाहीत कधी. आणि माणसावर मारलात?"

तो घाव बरोबर बसला. साहेब धपकन खुर्चीत बसले. "चुकलो! साफ चुकलो मी!"

ताई नव्या पट्ट्या बसवू लागल्या आणि साहेब मागच्या गल्लीत मावशींच्या दारी गेले.

"मावशी, चूक माझी होती. उद्यापासून या."

"आणि बाकीची तीन घरं?" मावशींचे डोळे रडून लाल झाले होते, आवाज मात्र ठाम होता. "मला सगळ्या इमारतीसमोर काढलंत, साहेब. सांगाल तेही सगळ्यांसमोर सांगा."

"चला! आत्ताच चला!"

दोघं पोचले तेव्हा हॉल खचाखच भरला होता, टीव्ही झकास चालू होता आणि शिट्टी वाजत होती. साहेब थेट पडद्यासमोर उभे राहिले.

"अहो, बाजूला व्हा! सुरू झालं!"

साहेबांनी टीव्ही बंदच केला! एकच गलका उठला.

"आधी माझं ऐका!" त्यांनी मावशींना पुढे बोलावलं. "टीव्ही माझ्या हट्टानं बिघडला. मावशींचा काडीचाही दोष नव्हता. मी न तपासता त्यांच्यावर आळ घेतला आणि तुम्ही न विचारता तो खरा मानलात. मावशी, मला माफ करा."

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून आरोळी आली, "गोल!" एकानं कपाळावर हात मारला, पण रिमोट कोणी मागितला नाही. शेजारीण उठून मावशींजवळ आली.

"मावशी, माझंही चुकलं. उद्या याल ना?"

बाकीच्या दोन घरांतल्या बायकाही पुढे आल्या.

"येईन," मावशी म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी आधी मला विचारा."

नागरिकहो, टीव्ही बिघडला तर आपण तो उघडून बघतो, मगच निदान करतो. माणसाच्या वाट्याला निदान तेवढा तरी न्याय येऊ द्या! आणि चुकून आळ घेतलाच, तर जितक्या लोकांसमोर घेतला, तितक्याच लोकांसमोर तो मागे घ्या.