चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

माझी बायको मंदाकिनी गेली तेव्हा तिने घासलेल्या पुंगळ्या गॅरेजच्या खिडकीत टॉवेलवर वाळत होत्या. त्या कोणी उचलल्या नाहीत. हिवाळा तसाच गेला.

पुंगळी म्हणजे बंदुकीची गोळी सुटली की मागे राहते ती पितळेची नळी. आमचा मुलगा सुशील ख्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे. इथे आल्यावर त्याला हरणांच्या शिकारीचा नाद लागला. काडतुसं तो विकत आणत नाही, घरीच भरतो. वापरलेल्या पुंगळ्या डोंगरातून वेचून आणायच्या, साफ करायच्या, नवी दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची. एक पुंगळी अशी बऱ्याच वेळा चालते.

मी पिंपरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सुशीलकडे राहायला आलो. आल्या आल्या मंदाकिनीने गॅरेजमध्ये पुंगळ्यांचा डबा पाहिला. आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, काठोकाठ भरलेला.

"हे काय रे?"

"रिकाम्या पुंगळ्या आहेत, आई."

"पितळ ना?"

"हो."

"मग इतकं काळं कसं ठेवलंस? बघणारा काय म्हणेल?"

"हरणं काही म्हणत नाहीत, आई."

त्या साफ करायला त्याच्याकडे एक मशीन होतं. छोट्या पिंपासारखं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालायचा, पुंगळ्या टाकायच्या आणि ते दिवसभर फिरत ठेवायचं. खडखड घरभर ऐकू यायची. मंदाकिनी म्हणाली, "ती गिरणी आधी बंद कर." मशीन वरच्या फळीवर गेलं.

मग ती देवाच्या भांड्यांबरोबर पुंगळ्याही घासू लागली. रविवारी सकाळी गॅरेजमधल्या सिंकपाशी. एका टबात चिंचेचं पाणी आणि मीठ, त्यात पुंगळ्या टाकायची. मग समई, निरांजन, घंटा घासायला घ्यायची. देवाचं झालं की पुंगळ्या काढायची, भरपूर पाण्याने धुवायची, एकेक पुसून टॉवेलवर मांडायची. मी खुर्ची टाकून चहा पीत बसायचो. मला वाटायचं, देवाचा मान आधी म्हणून ती असं करते.

ती हरीण खायची नाही. सून दीप्तीने हरणाचं मटण केलं की ही वरणभात घेऊन बाजूला बसायची. पण पुंगळ्या घासायची. दुपारी सुशील काडतुसं भरायला बसला की ती एकेक पुंगळी त्याच्या हातात द्यायची. तेव्हा दोघं खूप बोलायची. ऑफिस, पुण्यातले नातेवाईक, दीप्तीचं माहेर, सगळं तिथेच निघायचं. मधूनमधून मला विचारायची, "हो ना हो?" मी हो म्हणायचो.

ती गेल्यावर सुशील गॅरेजमध्ये बसेनासा झाला. घरी आला की जेवायचा आणि टीव्ही लावायचा. माझ्याशी बोलायचा ते एवढंच, औषध घेतलंत का, हीटर बंद करू नका, उद्या पाऊस आहे. वाईट वागला नाही कधी. पण त्याच्याकडे मला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्याकडेही त्याला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्यात जे बोलणं होतं ते तिच्यामार्फत होतं.

मार्चमध्ये नर हरणं माद्यांसाठी ओरडतात. त्याला इथे रोअर म्हणतात. शिकारीचा तोच हंगाम. मित्राने खूप आग्रह केला म्हणून सुशील जायला तयार झाला. खिडकीतल्या पुंगळ्या त्याने टॉवेलसकट उचलल्या.

"त्या राहू दे," मी म्हणालो.

"बाबा, दुसऱ्या नाहीत माझ्याकडे. आणि परत आणतोच ना."

त्याने खरंच परत आणल्या. हरीण मिळालं नव्हतं, गोळ्या नेमाच्या सरावातच संपल्या होत्या. पुंगळ्या काळ्या होऊन आल्या, तोंडाशी काजळी. डबा त्याने टेबलावर ठेवला आणि वरच्या फळीकडे हात नेला.

"मशीन काढू नकोस. मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"इतकी वर्षं बघितलंय तिला."

तो थोडा हसला. "आईसारख्या झाल्या पाहिजेत हां. रविवारी भरायला बसू."

बसू म्हणाला. मला तेवढंच हवं होतं. रविवारी तो समोर बसेल, मी एकेक पुंगळी हातात देईन, काहीतरी बोलणं निघेल.

दीप्तीला मी रिकार्टनच्या इंडियन दुकानात घेऊन चल म्हणालो.

"चिंच आहे की घरात, बाबा."

"ती बाटलीतली. आईंची वडीची असायची."

तिने गाडी काढली.

शनिवारी सकाळी चिंच कोळून, मीठ घालून पुंगळ्या टबात टाकल्या. मग घासायला दुसरं काही नव्हतं. मंदाकिनी गेल्यावर देवाची भांडी दीप्तीने खोक्यात ठेवली होती. देवापुढे विजेचा दिवा असतो. मी चहा प्यायलो, टबात डोकावलो. पुंगळ्या उजळल्या होत्या, पण तिच्या असायच्या तशा दिसेनात. तिच्या हाताचा जोर माझ्याकडे नव्हता, म्हणून मी व्हिनेगर घातलं, आणखी मीठ घातलं आणि ठेवून दिल्या. कपडे नाही का भिजवत. जितकं भिजेल तितकं निघेल, असा माझा हिशेब.

रविवारी सकाळी काढल्या तर त्यांचा रंगच बदललेला. पिवळ्या नव्हत्या, लालसर झाल्या होत्या. तांब्यासारख्या. मला आनंद झाला. आपल्याकडे ताम्हन तांब्याचं, कलश तांब्याचा. पितळेपेक्षा तांबं शुद्ध. मला वाटलं, तिच्या हातूनही असं कधी झालं नव्हतं. मी त्या नीट पुसून टॉवेलवर ओळीने मांडल्या.

दीप्ती कपडे वाळत घालायला आली. "अय्या बाबा, किती छान. गुलाबी दिसतायत."

दुपारी सुशील आला. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, दारूचा डबा काढला आणि एक पुंगळी उचलली. ती घेऊन तो खिडकीशी गेला.

"किती वेळ ठेवल्या होत्या?"

"कालपासून."

"नुसत्या चिंचेत?"

मी व्हिनेगरचं सांगितलं. तो खुर्चीवर बसला.

"बाबा, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. यातलं जस्त निघून गेलंय."

"म्हणजे तांबं राहिलं ना."

"पण ठिसूळ झालं. दारू पेटली की फुटेल. माझा गाल बंदुकीला टेकलेला असतो."

त्याने पकड घेतली आणि पुंगळीचं तोंड दाबलं. बिस्किटासारखा तुकडा पडला.

"चांगली असती तर नुसती चपटी झाली असती," तो म्हणाला. मग विचारलं, "आई किती वेळ ठेवायची?"

मी घड्याळ कधी पाहिलं नव्हतं. इतके रविवार मी तिच्याशेजारी बसलो होतो. मग सिंककडे बघताना कळलं.

"देवाची भांडी घासून होईपर्यंत," मी म्हणालो. "झाली की काढायची."

सुशीलने पकड टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "या सगळ्या चेपाव्या लागतील. बाद पुंगळी अशी ठेवत नाहीत. चुकून कोणी भरली तर."

"एक मला राहू दे. मी काय भरणार आहे?"

"नको, बाबा. राहिलेली एकच मिसळते आणि तीच फुटते."

टेबलाला व्हाइस, म्हणजे आवळायचा लोखंडी शिकंजा, बसवलेला आहे. तो एकेक पुंगळी त्यात धरायचा, मी दांडा फिरवायचो. काही चपट्या झाल्या, काही तडकल्या. आम्ही समोरासमोर बसलो होतो. मला हवं होतं तसंच. दोघंही बोललो नाही. सगळ्या झाल्यावर त्याने तुकडे भंगाराच्या बादलीत टाकले आणि टॉवेल झटकून धुवायला दिला.

पुढच्या आठवड्यात त्याने नव्या पुंगळ्या आणल्या आणि फळीवरून मशीन काढलं. आता तो संध्याकाळी एकटाच भरतो, पटकन होतं म्हणतो. मी एकदा खुर्ची घेऊन गेलो होतो. त्याने कानाला आवाज कमी करणारे हेडफोन लावले होते.

दीप्तीने विचारलं, "बाबा, त्या खडखडीचा त्रास होतो का? दार लावू?"

"नाही," मी म्हणालो.

दिवसा घरात मीच असतो, म्हणून मशीन बंद करायचं काम माझ्याकडे आहे. भुगा उडतो, तेवढं झाकण काढू नका, असं सुशीलने सांगितलंय.