जपून ठेवलेला कान

मी एक जुना कान आहे. खरा नव्हे, यंत्राचा. काजूसारखा वाकडा, कानामागे बसणारा, पुढे एक बारीक पारदर्शक नळी. जुना म्हणालो खरा, पण मित्रांनो, माझ्या अंगावर मोजून दोन ओरखडे आहेत. इतक्या वर्षांत फक्त दोन! याचाच मला राग आहे.

या रागाला कारण आहे एक शब्द.

*जपणे. क्रियापद. अर्थ १ : वस्तू खराब होऊ नये म्हणून नीट ठेवणे. उदा. 'तिने आईची पत्रे जपली.'*

हे ज्यांनी लिहिलं ते माझे मालक. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचा शब्दकोश करायला घेतला. एका शब्दाला एक कार्ड. गल्लीत त्यांना सगळे शब्दवाले काका म्हणतात. पुस्तकातल्या अर्थांवर त्यांचं भागत नसे. माणसं बोलताना शब्द कसा वापरतात, ते ऐकून टिपायचे. दुकानात टिपायचे, रांगेत टिपायचे आणि सगळ्यांत जास्त घरात, काकूंच्या तोंडून. 'अ'पासून 'छ'पर्यंतची निम्मी उदाहरणं काकूंची आहेत.

मग 'ज'च्या तोंडाशी काकांचे कान गेले.

मुलीने त्यांना कानाच्या यंत्रांच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी मला त्यांच्या कानामागे अडकवलं, तेव्हा काका दचकले.

"हा कसला आवाज?"

"पंखा आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

पंख्याला आवाज असतो हे ते विसरूनच गेले होते. लहान मुलासारखे वर बघत बसले. मला वाटलं, आता आपल्या जन्माचं सार्थक झालं.

कसलं सार्थक! पुसायचं कसं ते दाखवायला बाईंनी मला काढून हातात घेतलं. मुलगी गाडी बघायला बाहेर गेली. आणि नेमक्या त्याच क्षणी बाई म्हणाल्या, "काका, जपून वापरा हं. पण रोज वापरा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

मित्रांनो, मी तेव्हा बाईंच्या तळहातावर होतो. काकांना त्यांच्या ओठांवरून एकच शब्द कळला.

"जपूनच!" काका म्हणाले.

"शाबास," बाई म्हणाल्या.

दोघंही खूश. शब्द एक, अर्थ दोन आणि मधल्या मध्ये मी.

घरी आल्यावर काकांनी मला कापसात ठेवलं. कापूस डबीत. डबी रुमालात. रुमाल टेबलाच्या खणात. तळहातावरच्या फोडासारखं जपलं म्हणतात ना, तसं. पण फोडालासुद्धा तळहात मिळतो हो! मला खण मिळाला.

मुलगी गावाहून आली की माझी सुटका व्हायची. नवा सेल पडायचा, मी कानामागे चढायचो आणि काका फुशारकी मारायचे, "बघ, अजून नव्यासारखं आहे!"

"आई, बाबांना किती छान ऐकू येतं!"

"तू आलीस की येतं," काकू म्हणायच्या. मुलीला ते कौतुक वाटायचं. ती गेली की पुन्हा कापूस, डबी, रुमाल, खण.

*अर्थ २ :*

इथे कार्ड कोरं आहे. काका मोठ्याने वाचत, मोठ्याने पुटपुटत, पेन घेऊन बसलेले असायचे. "अजून एक अर्थ आहे. जिभेवर आहे. कुणी बोलून दाखवेल तर शपथ!"

आणि खणातून मी ऐकत होतो. मला झोपवायचं तर माझ्या सेलचं दार उघडं ठेवावं लागतं, हे त्यांना नीट उमजलं नव्हतं, त्यामुळे मी डबीतही जागाच असायचो. एकाच सकाळी काकू काय काय बोलल्या! "पायरी ओली आहे, जपून!" (काका घसरले.) दाराशी शेजारणीला, "नाती आपोआप टिकत नाहीत गं, जपावी लागतात." आणि मग हळू आवाजात, "मी हल्ली जीभ जपून वापरते. ऐकणारं कुणी असेल तर सैल सोडावी माणसाने."

तीन उदाहरणं. तीनही वाया. मला राहवेना. आमच्यासारख्यांना डबीत कोंडलं की आमचाच आवाज आमच्यात फिरतो आणि शिट्टी वाजते. मी जीव खाऊन वाजवली.

कुईऽऽऽ.

"अहो, तुमचं यंत्र शिट्ट्या मारतंय!"

"कोण मारतंय?"

"यंत्र! शिट्ट्या!"

"मारू दे. हल्लीची मुलं काय ऐकतात?"

कुईऽऽऽ. कुईऽऽऽऽऽ. काय उपयोग? ज्याला हाक मारायची, नेमका तोच बहिरा.

बरं, माझ्याकडे वेळ तरी कुठे होता! माझा सेल गोळीएवढा. त्याच्यावरचा कागद एकदा सोलला की तो संपतच जातो, तुम्ही वापरा नाहीतर तिजोरीत ठेवा. नळीचंही तसंच. ती न वापरता पिवळी पडली, कडक झाली. मी झिजत नव्हतो, पण संपत होतो.

तशात काकूंनी एक दिवस सांगितलं, "मी लेकीकडे राहायला जाते. इथे भिंतीशी बोलून कंटाळले. किती दिवस, ते माहीत नाही. कदाचित कायमचीच."

"हो, भिंतीला रंग द्यायलाच हवा," काका म्हणाले.

काकूंनी तीनदा सांगितलं. तीनदा काहीतरी भलतंच उत्तर आलं. चौथ्यांदा सांगण्याऐवजी त्यांनी पिशवी भरली.

जायच्या सकाळी गाडी दाराशी उभी होती. काका टेबलाशी, समोर तेच कार्ड. काकू उंबऱ्यात थांबल्या. "येते. जपून राहा."

काकांनी ओठ पाहिले आणि ताडकन उठले.

"थांब! 'जपून' म्हणालीस ना? जपून काय?"

काकू पुन्हा बोलल्या. त्यांना कळलं नाही. "अगं, थांब, उदाहरण जाईल!" म्हणत त्यांनी खण ओढला, रुमाल फेकला, डबी उघडली. मित्रांनो, बायकोसाठी नव्हे, उदाहरणासाठी त्यांनी मला बाहेर काढलं. पण काढलं! कडक नळी कानाला टोचत होती. तरी मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं.

"हं, आता म्हण."

"म्हटलं, जपून राहा."

पेन कार्डावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"हा तुझा आवाज?"

"मग कुणाचा?"

"असा घोगरा कशाने झाला?"

"बसलाय. तुमच्याशी ओरडून ओरडून. चार महिने झाले."

काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं लक्ष पहिल्यांदाच पिशवीकडे गेलं.

"आणि ही?"

"लेकीकडे चाललेय. तीनदा सांगितलं तुम्हाला."

"मग मी काय म्हणालो?"

"भिंतीला रंग द्यायचा म्हणालात."

काकांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांच्या कानामागे बसायची लाज वाटली. "परत कधी येशील?" त्यांनी विचारलं. आणि टूंक, टूंक. माझा सेल संपला. काकूंचे ओठ हलले, पण काकांपर्यंत काहीच पोहोचलं नाही.

इतके दिवस अशा वेळी ते "हो, हो" म्हणून मोकळे होत. आज म्हणाले, "ऐकू आलं नाही. जाऊ नकोस. सेल बदलतो."

त्यांनी नव्या सेलचा कागद सोलला. आता, कागद काढल्यावर सेलला मिनिटभर हवा लागते. घाई चालत नाही. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. काका तळहातावर सेल धरून उभे, काकू पिशवी धरून उभ्या. अर्ध्या मिनिटाने काकूंनी पिशवी खाली ठेवली.

मी पुन्हा कानामागे चढलो. आधी हॉर्न ऐकू आला, मग तो घोगरा आवाज.

"ते ठरवलेलं नाही. रोज फोन करीन. नीट ऐकलंत, तर दिवस सांगीन."

आणि त्या गेल्या.

याला आता तीन आठवडे झाले. मी उठल्यापासून झोपेपर्यंत कामावर असतो. ते दोन ओरखडे याच तीन आठवड्यांतले. काकूंनी दिवस अजून सांगितलेला नाही. काका ऐकतात, पण मध्येच "हे टिपून घेऊ का?" विचारतात, की काकू विषय बदलतात. माझा तर जीव कासावीस होतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कापसात निजली असेल, तर तिला उठवा. तिला पुसा, वापरा, ओरखडे पडू द्या. आणि घरातलं माणूस काही सांगत असेल, तर त्याचा आवाज बसायच्या आधी ऐका. माणूस खणात ठेवून जपता येत नाही.

आता पुरे. फोन वाजतोय. काका, या वेळी नुसतं ऐका!