धुरपताची डावी बाजू

नानाजी घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होता. बोंडअळीच्या साली कापूस आलाच नाही. जिनिंग जानेवारीतच बंद पडली आणि नानाजीला जन्मात पहिल्यांदा मोकळा वेळ मिळाला. मिळाला तेव्हा घरात धुरपताबाई नव्हती. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तिची लहानशी मूर्ती करून बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर ठेवायची, एवढं त्याच्या मनात होतं. धुरपताची धाकटी बहीण कांताबाई हिची मुलगी उर्वशी यवतमाळला अशाच दुकानात कामाला होती. माणसाचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, त्यावरून कॉम्प्युटरमध्ये अख्खा माणूस उभा करायचा आणि मशीनमधून वीतभर प्लास्टिकचा पुतळा काढायचा, असं ते काम. आदल्या सीझनमध्ये ती शिकत होती, तेव्हा घाटंजीला येऊन तिने मावशीचे, म्हणजे तिच्या मोठ्या आईचे, असे फोटो काढले होते. तेवढ्या भरवशावर नानाजी कांताबाईला घेऊन यष्टीने यवतमाळला गेला.

उर्वशीने पडद्यावर मॉडेल उघडलं. ओसरीतल्या बाकावर दोघंही बसलेली. धुरपता त्याच्या उजव्या बाजूला, त्याच्या खांद्याला टेकून.

"मोठेबाबा, हे दोघायचं एकच आहे," उर्वशी म्हणाली. "मी तवाच म्हटलं होतं का एकेकाचं घेऊ."

म्हटलं होतं खरं. नानाजी तेव्हा अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवायला आलेला. जिनिंगमधले रेचे, सरकीपासून रुई सोडवणारी यंत्रं, जोरात चालू होते. "वेगवेगळं कायले? घे एकाच दमात, मले जाचं आहे," म्हणून तोच धुरपताजवळ जाऊन बसला होता.

"मंग आता कर न वेगळं," तो म्हणाला. "मले फक्त तुही मोठी आई पायजे."

"करतो. पण कॉम्प्युटरले हे दोन माणसं आहेत हे समजत नाही. दोघायवर मिळून एकच ओलं धोतर टाकल्यावानी आहे हे. वरचं दिसते, आत काही नाही."

तिने माऊसने दोघांच्या मधून एक रेघ ओढत नेली. डोक्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून बाकापर्यंत. मग एक बटण दाबलं. बाजूच्या यादीत एकाचे दोन झाले. तिने धुरपताला धरून अलगद बाजूला सरकवलं.

नानाजी खुर्चीतच मागे सरकला. उजवीकडून धुरपता जशी होती तशी होती. नाकातली मुरणी, कानामागे खोचलेले केस. पण उर्वशीने तिला फिरवलं तर डाव्या अंगाला खांद्यापासून कमरेपर्यंत नुसतं भोक. आतून पोकळ.

"जिथं तुमी दोघं चिकटून होते तिथचा फोटो कोठून येईन?" उर्वशी म्हणाली. "हे बुजवल्याबिगर मशीन पुतळा काढत नाही. मोठ्या आईचा डावा हात कुठं होता सांगा, मी बनवतो."

"मांडीवर होता."

"मांडीवर कायचा, भाऊजी?" कांताबाई बोलली. "हात वर उचलत नव्हता तिचा. दोन महिने झालते. पदरात घेऊन छातीशी धरे. तुमच्या अंगावर टेकली तं हाताले आधार भेटला तिले."

नानाजीला ती दुपार आठवली. पोरीसमोर ही अशी रेलून बसली म्हणून त्याला कसंतरी झालं होतं. "सरकून बस, लाज नाही वाटत का, म्हातारी झाली," असं तो तिला म्हणाला होता. ती हसली होती, पण सरकली नव्हती.

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"सांगितलं नाही कसं? यवतमाळले जाऊन येऊ एक दिवस, म्हणे ना ती तुमाले? तुमी म्हटलं सीझन उतरू दे."

"मले वाटलं तिले साडी घ्याची असन."

काखेतली गाठ पाहून डॉक्टरने उशीर झाला म्हणून सांगितलं, तेव्हा सीझन पुरता उतरलाही नव्हता.

उर्वशीने हळूच विचारलं, "मोठेबाबा, उजवा हात उलटा करून डावीकडं लावू का? सगळ्यायचं तसंच करतो आमी. कोणाले ओळखू येत नाही."

"नको. तो हात चांगला होता."

"मंग काय करू?"

नानाजीने पडद्यावर त्या भोकाच्या काठाशी बोट नेलं. मग म्हणाला, "पोरी, रेच्याचा चाकू लय जवळ लावला न, तं रुई सारी निघते पण सरकी कटते. म्हणून आमी चाकू जरासा दूर ठेवतो. राह्यली सरकीवर थोडी रुई तं राहू दे. तू तुही रेघ तिच्या अंगाजवळून नेली. माह्या अंगातून ने."

"तुमच्या अंगातून?"

"हाव. हा माहा खांदा, दंड, जेवढं तिले लागून आहे तेवढं तिच्याकडं जाऊ दे. माहं काय फाटलं ते बुजव. माहा खांदा कसा आहे ते तुले इथं बसल्या दिसते."

"लोकं विचारतीन भाऊजी, हा कोणाचा दंड म्हणून," कांताबाई म्हणाली.

"विचारू दे. आंधळ्याचा आहे म्हणा."

उर्वशीने आधीचं सगळं मागे घेतलं. दोघं पुन्हा एक झाली. मग तिने नवी रेघ ओढली, नानाजीच्या गळ्याखालून, शर्टाच्या उजव्या खिशावरून, खाली बाकापर्यंत. बटण दाबलं. या वेळी धुरपता सुटी झाली ती खाकी शर्टाच्या खांद्यासकट. भोक त्या खांद्याच्या पलीकडे पडलं होतं. ते तिने सपाट बुजवलं. उरलेला नानाजी यादीत दुसऱ्या नंबरावर अर्धवट पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "शनवारी घेऊन जा."

"जरा डावीकडून दाखव."

तिने फिरवलं. "इकडून मोठी आई दिसतच नाही आता. नुसता खांदा दिसते."

"माहीत आहे."

कांताबाई पिशवी घेऊन उठली. "चला भाऊजी, दोनची गाडी जाईन."

"जाऊ दे," नानाजी म्हणाला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसला.