कुडापाठची काडी

धाऊनं ठोकलेलं निघत नाही, असं खर्डीच्या आसपासच्या गावांत म्हटलं जाई. हे म्हणणं पसरवण्यात धाऊचा स्वतःचाच वाटा निम्म्याहून जास्त होता, हेही सांगितलं पाहिजे. जातीनं कुणबी, हातानं सुतार. वीस वर्षं त्यानं कल्याण-उल्हासनगरच्या कारखान्यांत कपाटं आणि दरवाजे केले आणि मग गावी परतला. भिंतीबद्दल त्याचं मत पक्कं होतं. भिंत ही भिंत असते, तिला दम दिला की ती ऐकते.

दोन हजार चार साली त्याची गाठ न ऐकणाऱ्या भिंतीशी पडली. शहापूरला एका ट्रस्टनं डोळ्यांचा छोटा दवाखाना काढला होता. जागा अपुरी, म्हणून पूर्वेकडचा उघडा व्हरांडा बंद करून त्याची सहा खाटांची खोली केली. बाहेरून पत्रा, आतून पांढरा गुळगुळीत तक्ता. तक्त्यात चुन्यासारखी पावडर, तिच्यावर कागद, पाठीमागं दोन-दोन फुटांवर पत्र्याच्या उभ्या पट्ट्या आणि बाकी सगळी हवा. या भिंतीत एक लांबलचक खिडकी, आणि खिडकीला दोरीनं वरखाली होणारा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा. पडदा धरणारे दोन ब्रॅकेट बसवायचं काम धाऊकडं आलं.

पहिल्यांदा त्यानं प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळला. आठवड्यात ब्रॅकेट हलायला लागलं. दुसऱ्यांदा भोक मोठं करून लाकडाची गिट्टी ठोकली. ती पंधरा दिवस टिकली. तिसऱ्यांदा भोक आणखी मोठं केलं, त्यात पांढरं सिमेंट कोंबलं आणि अंगठ्याएवढी गिट्टी हाणली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! पण धाऊला हे कोण सांगणार? सांगणाऱ्याचं ऐकून घ्यायला आधी त्याला गप्प बसावं लागलं असतं.

मग शिबिराचा शनिवार आला. सकाळपासून सहा जणांचे मोतीबिंदू काढले. त्यात धाऊची आई सकुबाईही होती. तिचा डावा डोळा तरुणपणीच भाताच्या पातीचं टोक लागून गेलेला. उजवा उरला होता, त्यावर सहा वर्षांपासून पडदा धरलेला. त्याच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यावर पट्टी आली. म्हातारी पूर्ण अंधारात पडून होती आणि तिची खाट नेमकी खिडकीखाली होती.

दुपारी नम्रता सिस्टरनं पडदा पाडायला दोरी ओढली. डावं ब्रॅकेट भिंतीतून सुटलं, पांढरा भुगा उडाला आणि पडद्याचं टोक सकुबाईच्या उशीवर, तिच्या कानापासून चार बोटांवर आदळलं. सिस्टर तशी मऊ बोलणारी, पण त्या दिवशी तिनं धाऊला फैलावरच घेतलं. म्हणाली, उद्या सकाळी सातला डॉक्टर पट्ट्या सोडणार, तेव्हा समोरून ऊन भसकन आत येतं. उजेड थोडा थोडा करत सोडायला हवा. पडदा हवाच आहे, पण आता मी तो या लोकांच्या डोक्यावर टांगू देणार नाही. खोलीत सहा खाटा खेटून होत्या, एकही हलवायला जागा नव्हती. चादर बांधू म्हटलं तर तिलाही खिळा लागतो, आणि खिळा धरत नाही हेच तर दुखणं होतं.

धाऊनं आईकडं पाहिलं. तिनं विचारलं, काय पडलं रे? तो म्हणाला, काय नाय, जरा दोरी सुटली.  तिचा तो एकच डोळा होता आणि त्या डोळ्यावर टांगलेली वस्तू त्यानंच बसवलेली होती.

सिस्टरनं म्हातारीला हात धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवल्यावर त्यानं हातोडा घेतला आणि चौथी गिट्टी ठोकायला सुरुवात केली. दोनच घावांत तक्त्याला चीर गेली.

"दादा, भिंतीला मारता का विचारता?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

तिथं पोश्या बसला होता. तानशाकडच्या कातकरी वाडीतला, साठीच्या पुढचा. एका डोळ्यावर सकाळची पट्टी आणि दुसरा डोळा दह्यासारखा पांढरा. म्हणजे त्यालाही काहीच दिसत नव्हतं. धाऊ त्याला लहानपणापासून ओळखत होता. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी तो त्यांच्या घरी कूड घालायला यायचा. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, वर शेणमाती लिंपायची, की झाली भिंत. दुपारी सकुबाई त्याला अंगणात पानावर भाकर द्यायची आणि घरातली पोरंही त्याला अरेतुरे करायची.

"तुला दिसत नाय, पोश्या. गप पडून राहा," धाऊ म्हणाला.

"दिसत नाय म्हणून तर आयकतोय. ही भिंत पोकळ हाय. तुमी विटेवानी मारता. हा कूड हाय, दादा."

धाऊला आधी राग आला. शहरातून ट्रकनं आणलेले तक्ते, आणि हा त्यांना कूड म्हणतो! पण हातात भुगा होता आणि चीर समोर होती. त्यानं सिस्टरकडं पाहिलं. सिस्टर म्हणाली, मान वाकवायची नाही, जोर लावायचा नाही, दहा मिनिटं देते. आणि तिनं स्वतःच पोश्याचा हात धरून त्याला भिंतीजवळच्या स्टुलावर बसवलं.

पोश्यानं आधी तळवा भिंतीवर ठेवला आणि नुसता फिरवला, गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा. मग बोटाचं पेर वाकवून तो टकटक करू लागला. डब, डब, डब. बोटभर पुढं. डब, डब. खोलीतली बोलणी थांबली. खाटांवरची बाकीची माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, आणि सगळी कान देऊन ऐकायला लागली. डब, डब, आणि मग एकदम आखूड, बंद आवाज आला. टक.

"हितं मेढ हाय," पोश्या म्हणाला. मेढ म्हणजे कुडातला मुख्य खांब. पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी म्हणाली, होय, बदलला आवाज. धाऊनं बारीक खिळा घेऊन तिथं हळूच टोचला. खिळा तक्त्यातून आत गेला आणि पत्र्याला जाऊन टेकला. बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. टेप लावून, पेन्सिलीनं खुणा करून, चार महिन्यांत धाऊला जी पत्र्याची पट्टी सापडली नव्हती, ती या माणसानं काहीच दिसत नसताना पाच मिनिटांत काढून दिली.  उजवं ब्रॅकेट दोन बोटं सरकवून त्यानं त्या पत्र्यात पिळलं आणि ते दगडासारखं बसलं.

डाव्या बाजूला मात्र मेढ सापडेना. पोश्यानं खालीवर सगळं चाचपलं, सगळीकडं डब डब. पडद्याची लांबी ठरलेली, ब्रॅकेट तिथंच यायला हवं होतं. धाऊ म्हणाला, मग संपलं. त्यावर पोश्या हसला. म्हणाला, कुडात सगळीकडं मेढ कुठं असते? मधे शिंकं टांगायचं तर काय करायचं?

त्यानं बोटाएवढी लाकडाची पट्टी आणि दोरी मागितली. धाऊच्या पिशवीत सागाची चीप होती. सुटी दोरी नव्हती, ओळंब्याची होती, ती त्यानं कापून दिली. पोश्यानं चिपेच्या बरोबर मध्यावर दोरी बांधली आणि चीप धाऊच्या हातात दिली. "उभी आत सोडा. आत गेली की दोरी वढा. ती आडवी व्हईल. मग भायेर येते का बघा."

दोनदा मोठं केलेलं ते भोक आता कामाला आलं. चीप टोकानं आत गेली. धाऊनं दोरी ओढली, आणि भिंतीच्या पाठीमागं, कुणालाच न दिसणाऱ्या पोकळीत, चीप आडवी झाली आणि तक्त्याला पाठीमागून घट्ट बसली. त्यानं जोर लावला. ती येईना. जितका ओढावं तितकी भिंतीला जास्त बिलगायची. इतके दिवस तो भिंतीला पुढून हाणत होता, आणि धरायची जागा पाठीमागं होती.

आणि तेव्हा त्याला ती काडी आठवली. शहाण्णव साली त्यानं विटांचं घर बांधलं, तेव्हा जुना कूड स्वतः कुदळीनं पाडला होता. पडलेल्या मातीत प्रत्येक खुंटीमागं एकेक आडवी काडी निघाली होती, मध्यावर दोरी बांधलेली. ही कसली थेरं, असं म्हणून त्यानं त्या सगळ्या गोळा करून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातल्या होत्या. वर्षानुवर्षं अशा काड्यांनी त्याच्या घराची शिंकी, कंदील, आजोबांच्या पखवाजाची पिशवी धरून ठेवली होती, आणि त्यानं त्यांवर पाणी तापवलं. धाऊला स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी.

दोरी पोश्यानं ताणून धरली. धाऊनं ब्रॅकेट भोकावर ठेवलं आणि दोन्ही स्क्रू तक्त्यातून थेट चिपेत पिळले. लाकूड करकरलं. मग त्यानं दोन्ही हातांनी ब्रॅकेट खाली ओढलं, तोंड लाल होईस्तोवर. भुग्याचा एक कणही पडला नाही. नम्रता सिस्टरनं पडदा टांगायला लावला आणि वीस वेळा वरखाली केला, मोठ्यानं मोजत. वीस झाल्यावर तिनं म्हातारीला पुन्हा खिडकीखाली आणून झोपवलं.

सकाळी सातला डॉक्टरीणबाई आल्या. पूर्वेकडं ऊन चांगलंच वर आलं होतं, पण खोलीत पहाटेइतकाच उजेड होता. आधी सकुबाईची पट्टी सोडली. धाऊ दाराशी उभा होता, नजर आईवर नाही, डाव्या ब्रॅकेटवर. सिस्टरनं दोरी हळू फिरवली. पट्ट्या जराशा कलल्या आणि उजेडाच्या बारीक रेघा भिंतीवर, चादरीवर, म्हातारीच्या हातांवर पडल्या. तिनं आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे करून, सुलटे करून.  मग तिनं मान वर केली आणि दाराकडं पाहिलं.

"धाऊ, केस पिकले रे तुझे," ती म्हणाली.

धाऊनं आयुष्यात काय काय ठोकलं, जोडलं, रंधलं असेल, पण आपल्या कामाकडं पाहून त्याला कधी रडू आलं नव्हतं. ते त्या सकाळी आलं.

सिस्टर उजेड वाढवत गेली आणि डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडं वळल्या. पोश्याची पट्टी निघाली. त्यानं डोळा किलकिला केला, चादरीवरच्या त्या रेघांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, लिंपण गळालं की कुडातून असंच ऊन येतं. मग रात्रभर तो ज्या भिंतीच्या शेजारी झोपला होता तिच्याकडं त्यानं पाहिलं. ती मातीच्या रंगाची असेल असं त्याला वाटलं होतं. एवढी पांढरी, एवढी सपाट भिंत पाहून तो बघतच राहिला, आणि खोलीतली बाकीची त्याच्याकडं बघत राहिली.

सकुबाईनं खिडकीवर नजर लावली होती. तो पट्ट्यांचा पडदा तिनं जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

"झ्याक हाय. कुनी बसवला, तूच ना?" तिनं विचारलं.

अशा प्रश्नाला धाऊचं उत्तर सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. त्यानं डोळे पुसले.

"नाय आये. पोश्याबाबांनी."

पोश्यानं मागं वळून पाहिलं, हे बाबा कोण आले म्हणून.