तक्ता क्रमांक तीन

तिने पिल्लाचा डावा पाय दोन बोटांत धरून हळूच सरळ केला. सोडल्याबरोबर तो पुन्हा बाहेरच्या बाजूला वळला. उजवा तेवढा वळत नव्हता. घोट्यामागून अंगठा फिरवला तेव्हा कंडरा खोबणीत लागली नाही. ती बाजूला सरकली होती. पिल्लाने चोच उघडली आणि आवाज न करता मिटली.

"काड्या कुणी बांधल्या होत्या?" तिने विचारलं.

"ह्यांनी," काकू म्हणाल्या. "आइस्क्रीमच्या काड्या, कापसात गुंडाळून. तीन आठवडे. मी म्हणत होते, अहो, मोडायचाच तर एक पाय मोडेल, दोन्ही एकदम कसे मोडतील? पण माझं घरात ऐकतं कोण. गावातला डॉक्टर शेवटी म्हणाला, बदकांचं त्या बाईंनाच कळतं. नाव विचारलं तर तू निघालीस. तेव्हापासून हे दोन दिवस शर्टाला इस्त्रीच करतायत."

सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. शर्टाला खरंच कडक इस्त्री होती. सात वर्षांत केस गेले होते, पण हात मागे बांधून उभं राहण्याची पद्धत गेली नव्हती. विभागप्रमुखाच्या खोलीतही ते असेच उभे राहत आणि ती टेबलावर ठेवील त्या कागदावर, न वाचता, वळून सही करत.

"वय पाच आठवडे," ते खिडकीला सांगावं तसं म्हणाले. "लंगडणं दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. तळव्याला जखम नाही. सूज नाही. पडल्याची नोंद नाही."

"खायला काय देता?"

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, काकूंनी सांगितलं. बदकांचं वेगळं इथे मिळत नाही, आणि पिशवीवर सगळी जीवनसत्त्वं लिहिलेली आहेत. मग त्या बुटकीच्या सवयी सांगू लागल्या. बुटकी म्हणजे हे पिल्लू. सकाळी बादलीशी पहिली हीच पोचायची, आता दुसरं पिल्लू पोचतं आणि ही पोटावर सरपटत येते. आली की आधी काकूंच्या चपलेवर मान टाकते.

तिने बुटकीच्या पोटाखाली हात घालून तिला टॉवेलवर ठेवलं. आजार ओळखायला काही उरलं नव्हतं. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय असेच वाकतात. यीस्टची पावडर वेळेवर दिली तर सरळही होतात. हे तिला तीनशे बारा पिल्लांचे पाय रोज सकाळी मोजून कळलं होतं, चार वर्षांत.

"नायसिनचा विचार नाही केला, सर?"

आता ते वळले.

"सगळ्यात आधी तोच केला." त्यांनी खांद्यावरच्या शबनममधून निळ्या मुखपृष्ठाचं एक पातळ नियतकालिक काढलं. "आपल्याच कामात आहे ते."

आपल्याच. ती उठून बेसिनपाशी गेली आणि आधीच धुतलेले हात पुन्हा धुतले.

त्या अंकाची एक प्रत तिच्या खणातही होती, आणि प्रतीच्या आत छपाईआधी तपासायला आलेली पानं. सरांचा स्वतःचा विषय अंड्याचं कवच. बदकांच्या खोलीत ते चार वर्षांत दोनदा आले होते, दोन्ही वेळा पाहुण्यांना घेऊन. पानं तिच्याकडे आली तेव्हा वर सरांचं आणि त्यांच्या जावयाचं नाव होतं. तिचं नाव शेवटच्या ओळीत सापडलं: टंकलेखनासाठी आभार. ती ओळ तिने बराच वेळ वाचली. मग पानं मागून पुढे उलटत गेली आणि तिसऱ्या तक्त्यात थांबली. घाईत टाइप करताना तिच्याच हातून पंचावन्नाच्या दोन पाचांमध्ये एक टिंब पडलं होतं. तिने लाल पेन उघडलं, परत टोपण लावलं, आणि समासात निळ्या शाईने लिहिलं: दुरुस्ती नाही.

त्यानंतर ती वाट पाहत होती. भरलेलं सभागृह, व्यासपीठावर सर, आणि मागून कुणीतरी उठून विचारतंय, तुम्ही हा आकडा स्वतः पाहिलात का? हा प्रसंग तिने इतक्या वेळा मनात घडवला होता की उठणाऱ्या माणसाच्या कोटाचा रंगही ठरला होता. पण कुणी उठलं नाही. ज्यांना खरा आकडा ठाऊक होता त्यांनी तो लेख वाचला नाही. ज्यांनी वाचला त्यांना ठाऊक नव्हता.

तिने हात पुसले आणि टेबलापाशी आली. सभागृह नसलं तरी सर होते, आणि समोर काकू बसल्या होत्या.

"तिसरा तक्ता वाचता, सर? मोठ्याने."

सरांनी पान काढलं. "बदकाचं पिल्लू, किलोभर खाद्यात किमान साडेपाच मिलिग्रॅम."

"आणि खाद्याच्या पिशवीवर?"

"तीस. म्हणजे गरजेच्या पाचपट. म्हणूनच नायसिन बाद केलं आणि सांध्याकडे वळलो." बोलता बोलता त्यांचा आवाज मंद झाला. ते पुन्हा पानाकडे बघू लागले.

"पंचावन्न आहे ते," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे सांगणं सोपं गेलं, आणि गोडही लागलं. "तिसाने भागत नाही. कोंबडीच्या पिल्लाचं भागतं."

सरांनी लेखाचं शेवटचं पान उलटलं. तिथल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"टायपिंग तुझं होतं."

"हो. टायपिंग माझं. लेख तुमचा."

हे वाक्यही तिने कधीपासून तयार ठेवलेलं होतं. सर खुर्चीत बसले. इस्त्री केलेली कॉलर गळ्याभोवती एकदम सैल दिसू लागली. तिने ते नीट, पुरतं पाहून घेतलं.

"बुटकी चालेल ना?" काकूंनी विचारलं.

"उजवा पाय सुधारेल." तिने टॉवेलची घडी नीट केली. "डाव्याची कंडरा सरकलीय. दोन आठवड्यांपूर्वी आली असती तर दोन्ही सुधारले असते."

काकूंनी मान हलवली. टॉवेलच्या कडेला चोच घासणाऱ्या बुटकीकडे त्या बघत होत्या.

"हे चुकलंय ते तुला आत्ता कळलं?"

ती औषधाच्या कपाटाकडे वळली. यीस्टचा डबा दुसऱ्या फळीवर समोरच होता, पण तो घ्यायला तिला वेळ लागला. वळली तेव्हा काकूंनी पिल्लू टेबलावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्यावर पदर ओढला होता.

तिने कोरा कागद ओढून लिहायला घेतलं. कपभर खाद्यात मोठा चमचाभर पावडर, रोज. टबात कोमट पाणी, दहा मिनिटं पोहू द्यायचं. गुळगुळीत फरशीवर सोडायचं नाही. दुसरं पिल्लू चालतंय तरी त्यालाही हेच. नायसिनचा आकडा तिने अंकात लिहिला आणि पुढे अक्षरांत.

तिने कागद पुढे केला. काकूंनी तो घेतला, आणि न वाचता शेजारी दिला.

"हे तुम्ही एकदा तपासा."

सरांनी चष्मा पुसून लावला. पहिल्या ओळीपासून, बोट खाली धरून, ते वाचू लागले. एका आकड्यापाशी थांबले, पिशवीवरच्या तिसाशी तो मनात ताडून पाहिला, पुढे गेले. ती टेबलाच्या अलीकडे उभी होती. विभागप्रमुखाच्या खोलीत चार वर्षं जशी उभी राहायची, तशीच, हात पुढे जुळवून. पदराखाली बुटकी हलली आणि शांत झाली.

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग तो टेबलावर ठेवून तिच्याकडे सरकवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली तुझं नाव राहिलंय."