चार बोटं खाली

मी रिंग बोलतेय, बास्केटबॉलच्या मैदानातली. माझी जाळी कधीच फाटून गेली, रंगही उडाला, पण कान शाबूत आहेत. माझ्याखाली उभं राहून माणसं जे काही बोलतात ते मला ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायची मला भारी हौस आहे.

माझा जन्म कारखान्याच्या वर्कशॉपमधला. एका वेल्डरने जेवणाच्या सुट्टीत पिंपाभोवती सळई वाकवून मला घडवलं. जोड असा घासला, की बोट फिरवलं तरी लागू नये. तीन दिवस त्याने मला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग खिशातून टेप काढला, दहा फूट मोजले आणि मला फळीवर बसवून बोल्ट आवळले. समोरच्या खांबावर माझी बहीण बसली. ती पुढे भंगारात गेली.

वेल्डर कारखान्याच्या टीमचा कप्तान. टीमचा हुकमी एक्का म्हणजे क्रेन चालवणारा त्याचा जिवलग मित्र. सगळे त्याला जिराफ म्हणत. इथे फक्त सराव चाले, सामने परगावी. तिथे सुरुवातीला यांचे बॉल रिंगेच्या पुढच्या कडेला आपटून परत यायचे. जिराफ परत आला की माझ्याखाली उभा राहून कुरकुरायचा, "तिकडच्या रिंगा उंच असतात रे."

"निमित्तं सांगू नकोस," वेल्डर सगळ्यांदेखत खडसवायचा. "पाय उचल जरा!"

जिराफाचा चेहरा पडायचा. पण तो जास्त उडी मारायला लागला. पुढे त्याची कुरकुरही थांबली. त्या वर्षी त्यांनी मोठा करंडक आणला, पुढच्या वर्षीही आणला. आपल्या खडसावण्याने गडी सुधारला, असं वेल्डर वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आला होता.

आता त्याची मुलगी खेळते. तिची टीम तीन वर्षं अजिंक्य आहे. एका संध्याकाळी बापलेक इथे आले. रविवारी जुनी टीम माझ्याखाली जमणार होती, त्यासाठी झाडलोट करायला. झाडू राहिला बाजूला, जुंपली दोघांची.

"बाबा, तुमची टीम आमच्यासमोर दहा मिनिटं टिकली नसती."

"अगं जा! जिराफ नुसता उभा राहिला असता तरी तुमची घाबरगुंडी उडाली असती."

"उभं राहू दे की. आम्ही लांबून टाकलं असतं. तीन-तीन गुण."

"आमच्या वेळी कुठूनही टाका, दोनच मिळायचे. कोण लांबून टाकेल? आणि जिराफाचं मनगट रिंगेच्या वर जायचं, समजलीस?"

"मग रिंगच खाली असेल," ती हसत म्हणाली. पिशवीतून टेप काढून स्टुलावर चढली आणि मला मोजलं. "बाबा, नऊ फूट नऊ इंच."

त्याने तीनदा मोजायला लावलं. मग घरी जाऊन जुना टेप घेऊन आला. टेपचं टोक तुटलेलं होतं, आकडे तीनपासून सुरू होत होते. एरवी तो तीन इंच जास्त धरायचा. त्या दिवशी मला टांगायच्या उत्साहात विसरला. म्हणजे मी जन्मभर चार बोटं खाली होते! मलाच धक्का बसला, तर त्याची काय गत झाली असेल?

"कुणाला बोलू नकोस," तो पुटपुटला. "आमचं सगळं फुकट गेलं."

"फुकट कसं? करंडक कुठे जिंकलात? परगावीच ना? तिथल्या रिंगा काय तुम्ही टांगल्या होत्या?"

त्याने टेपच्या तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला. "म्हणजे जिराफ खरं बोलत होता. आणि मी त्याला चारचौघांत..."

रविवारी सगळे आले. मुलीची टीमही आली. जिराफ काठी टेकत आला. फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा वेल्डरने हात वर करून सांगून टाकलं. चूक सांगितली, टेप दाखवला. मित्राकडे वळून म्हणाला, "तू खरं सांगत होतास. मी तुला उगाच बोललो. माफ कर."

जिराफ माझ्याकडे बघून हसला. "मला माहीत होतं."

"काय?"

"खिडकीच्या मापासाठी तुझा टेप नेला होता. खिडकी तीन इंच कमी आली. मग येऊन हिलाही मोजली."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तीन दिवस कुणाला हात लावू देत नव्हतास हिला. कुठल्या तोंडाने सांगू?"

वेल्डरने मित्राचा हात घट्ट धरून ठेवला.

"काका," मुलीने विचारलं, "तुम्ही आमच्या वयाचे असता, तर कोण जिंकलं असतं?"

"पहिल्या हाफमध्ये तुम्ही. पुढचं हा ओरडला किती, त्यावर," जिराफ म्हणाला.

त्याच दुपारी नवी भोकं पाडून मला वर बसवलं. वेल्डर पाना फिरवत होता आणि जिराफ काठी टाकून, स्टुलावर उभा राहून, हात ताणून मला खालून धरून होता. जुनी भोकं फळीवर अजून आहेत.

कोण जिंकलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्यावाचून चैन पडत नाही. तुमच्यापैकी कुणाला कधी कळलं, तर माझ्याखाली येऊन सांगा. जरा मोठ्याने बोला मात्र. आता मी चार बोटं वर आहे.